घरच्या घरी ब्रेल वाचनाचा सराव

घरी ब्रेल, म्हणजे सहा उठावदार टिंबांवर आधारलेली बोटांनी वाचायची लिपी, शिकवायचे म्हटले की अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापून त्यात लिंबे किंवा गोट्या ठेवल्या जातात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ हे टिंबांचे क्रमांक पाठ करायला हे साधन चांगले आहे. पण त्यावर दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक रेंगाळू नये. खऱ्या ब्रेलमध्ये शेजारच्या दोन टिंबांत सुमारे २.५ मिलिमीटर अंतर असते आणि सबंध अक्षर बोटाच्या टोकाखाली मावते. लिंबे चाचपण्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

खऱ्या मापाच्या पट्ट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. त्याच्या मागच्या बाजूला आलेख कागद चिकटवून टिंबांच्या जागा आखाव्यात, पत्रिका जुन्या रबरी चपलेच्या तळव्यावर ठेवावी आणि संपलेल्या रिफिलच्या टोकाने बेताने दाबावे. कागदाला भोक न पडता पलीकडे फुगवटा आला पाहिजे. आपण मागून टोचत असल्यामुळे उजवीकडून डावीकडे, अक्षरे उलटी करून लिहावे लागते, हे विसरले की सगळी पट्टी वाया जाते.

सुरुवात ब (१-२), क (१-३), ल (१-२-३) आणि आ (३-४-५) या चारच अक्षरांनी करावी. ब्रेलमध्ये काना म्हणजे व्यंजनापुढे लिहिलेला ‘आ’च असल्याने एवढ्यावर बाबा, काका, काल, लाल, बालक असे खरे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. इ (२-४) आणि ए (१-५) ही एकमेकांची आरशातली रूपे असल्याने ती एकाच दिवशी शिकवू नयेत. सुटे टिंब वरचे की खालचे हे बोटाला एकट्याने कळत नाही, म्हणून प्रत्येक ओळीच्या आरंभी सहाही टिंबांचा ‘ढ’ टोचून ठेवावा.

मधुमेहाने दृष्टी गेल्यावर माझी आई शिकू लागली, तेव्हा ती ‘क’वर बोट थांबवून वर-खाली घासत असे आणि जितके घासावे तितके टिंब हरवत असे. घासल्याने आकार पुसट होतो. बोट किंचित वाकवून, जवळजवळ भार न देता, डावीकडून उजवीकडे सरकत राहिले तरच तो उमटतो. तिला थांबायचेच नाही असे सांगितल्यावर तिसऱ्या फेरीत तिने ‘काका’ वाचले. मधुमेहात बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी टिंबांतले अंतर थोडे वाढवून सुरुवात करावी आणि ते हळूहळू कमी करत जावे. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत, हात कोरडे असावेत, आणि दोन्ही तर्जनी वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, म्हणजे उजवी ओळ संपवत असताना डावी पुढच्या ओळीचा आरंभ शोधून ठेवते.

डोळ्यांनी वाचलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी चकवते: ‘दिवा’ हा शब्द द, इ, व, आ या उच्चाराच्याच क्रमाने येतो. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण (४) अर्ध्या व्यंजनाच्या आधी येते, म्हणून ‘पत्ता’ म्हणजे प, हलन्त, त, त, आ. जोडाक्षरे शेवटीच घ्यावीत.

पट्ट्या एकावर एक रचून वजनाखाली ठेवू नयेत. टिंबे चपटी झाली की ती पट्टी टाकून नवी टोचावी.