जुना मॅन्युअल फिल्म कॅमेरा ऑनलाइन घेताना

जाहिरातीतल्या फोटोत कॅमेरा बाहेरून चकचकीत दिसतो, पण खरे दुखणे आत असते. म्हणून आतले फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आधी मॉडेल ठरवा. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांचे शटर (फिल्मसमोर उघडमीट करणारे दोन पडदे) यांत्रिक आहे. सेल संपला तरी फक्त प्रकाश मोजणारा लाइट मीटर बंद पडतो. १९७६ चा कॅनन एई-१ सेलशिवाय क्लिकच होत नाही. ऑलिंपस ओएम-१ आणि मिनोल्टा एसआरटी-१०१ यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले, आणि ते सेल आता बनत नाहीत. त्यांत १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतात.

मग विक्रेत्याकडे मागा: मागचे झाकण उघडून काढलेला फोटो, सेलच्या खाचेचा फोटो (हिरवट-पांढरी भुकटी म्हणजे गळलेला सेल) आणि लेन्समधून टॉर्च मारून घेतलेला फोटो. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी; अशी लेन्स सोडून द्या. अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधले छिद्र लहानमोठे करणाऱ्या, पात्यांवर तेलाची चमक असेल तर पाती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतात.

शटरचा व्हिडिओ मागा, झाकण उघडे ठेवून आणि एक सेकंदाच्या गतीवर. आतल्या चाकांची घरघर सलग ऐकू यायला हवी. मध्येच अडखळली किंवा पडदा अर्ध्यात थांबला तर आतले वंगण घट्ट झाले आहे; सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. १/१००० सेकंदाची गती मात्र व्हिडिओत कळत नाही. त्यासाठी याच कॅमेऱ्याने त्या गतीवर काढलेले फोटो पाहावेत. एका बाजूला फोटो काळवंडत गेला असेल तर दोन्ही पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत.

‘तपासलेला नाही’ असे लिहिले असेल तर कॅमेरा बिघडलेलाच समजा. यांत्रिक कॅमेरा रोल न घालताही मिनिटभरात तपासता येतो.

झाकणाच्या कडेचा फोम चिकट काळा झाला म्हणून चांगला कॅमेरा नाकारू नका. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पट्टी घरी लावता येते. आरशाच्या वर बसवलेल्या फोकसिंग स्क्रीनला मात्र अल्कोहोल लावू नका. ती बहुधा प्लास्टिकची असते, कायमची धूसर होते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी एक रोल संपवून धुऊन घ्या. प्रत्येक फोटोची गती आणि अॅपर्चर लिहून ठेवा. फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर ओढताना रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) कळ फिरते का, तेही पाहा. रोल ताणलेला असूनही ती फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकतच नाही. धुतलेल्या रोलवर चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर दोष लीव्हरच्या यंत्रणेत आहे. रंगीत रोलच्या फोटोंवर नारिंगी पट्टे आले असतील तर फोममधून उजेड शिरतो आहे.