मसाई पठाराच्या वाटेवर श्रमदान करताय? या चुका टाळा

शिवराय पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निघाले ते १६६० च्या जुलैमध्ये. त्यामुळे त्याच वाटेने चालणाऱ्या पावनखिंड मोहिमांचे जथ्थेही जुलैतच पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून जातात, नेमके माती लोण्यासारखी झालेली असताना. मग आपण रविवारी कुदळ-खोरी घेऊन वाट दुरुस्त करायला जातो आणि बऱ्याचदा बिघडवून येतो. हे अनुभवाने सांगतोय.

सगळ्यात मोठी चूक आडव्या दगडांची. चढावर पाणी वाटेतूनच धावत होतं म्हणून आम्ही वाटेला काटकोनात दगडांची ओळ लावली. फोटोही काढले. पहिल्याच जोराच्या पावसात दगडामागे गाळ भरला, पाणी वरून उडी मारून गेलं आणि खालच्या बाजूला गुडघाभर खड्डा पडला. पाणी अडवायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. ओळ तिरकी हवी, वाटेला आडव्या रेषेपासून साधारण ३० ते ४५ अंश वळवलेली, आणि खालच्या टोकाला पुढे हातभर तरी चर. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडा. उभं राहून हलवून बघा, डुगडुगला तर पुन्हा बसवा.

एवढं करूनही पाणी वाटेवर परत येत असेल तर आधी चराचं तोंड बघा. पाला आणि लाल गाळ साचून ते बुजलेलं असतं. दोन खोऱ्यांचं काम, पण तेच कुणी करत नाही, कारण त्यात फोटो येत नाही.

जागा कोरड्या दिवसात ठरवू नका. भर पावसात एकदा छत्री घेऊन जा आणि पाणी कुठून वाटेत शिरतंय ते बघा. खोदकाम मात्र पाऊस ओसरल्यावर.

वर सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, पोचलात की हात आवरा. जांभ्या दगडावर माती जेमतेम बोटभर, त्यातच सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं उगवतात. डबकी भरू नका, त्यात बेडकांची पिल्लं असतात. सुटे दगड उचलून आणू नका. त्यांच्याखाली पाली, विंचू, बेडूक राहतात, आणि विंचवाला आपलं श्रमदान कळत नाही. दगड लागलेच तर खालच्या चढावर घसरून आलेले घ्या.

झाडं तर लावूच नका. ‘पठार बोडकं दिसतंय’ म्हणून रोपं घेऊन येणारे उत्साही दरवर्षी भेटतात. सडा असाच असतो. सावली पडली की उन्हावर जगणारी ही चिमुकली फुलं जातात.

चिखल टाळायला लोक कडेने चालतात आणि एका वाटेच्या चार होतात. नव्या वाटांवर काटे टाकून उपयोग होत नाही, लोक पाचवी पाडतात. मूळ वाटेतलं पाणी काढा, मगच बाजूच्या वाटांवर वाळलेल्या फांद्या पसरा. वाट दाखवायला दगडांवर रंगाचे बाण नकोत.

आणि वनविभागाची परवानगी आधी घ्या. आम्ही एकदा घमेली घेऊन अर्ध्या वाटेतून परत आलोय.