सामाजिकीकरण समजून घ्यायचंय? टोकणं टिपा

संस्कृती, ओळख, सामाजिकीकरण (म्हणजे समाजात कसं वागायचं ते शिकत जाणं) यांच्या व्याख्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर पुसल्याही जातात. त्यापेक्षा अर्धा तास एखाद्या रांगेजवळ किंवा खेळाच्या मैदानाशी बसा. लहानमोठे एकत्र असले की झालं.

वहीत तीन रकाने आखा: काय घडलं, कोणी कोणाला टोकलं, कसं टोकलं. नावं लिहू नका, फोटो काढू नका. नियम पाळला जातो तोवर दिसत नाही. मोडला की दिसतो, म्हणून सगळी मदार टोकण्यावर. कोणी रांगेत मध्येच घुसलं की एक जण खाकरतो, दुसरा रोखून बघतो, तिसरा पुढच्याला चिकटून फट बुजवतो. हे जसंच्या तसं उतरवा. ‘लोक चिडले’ असं लिहिलंत तर नोंद वाया गेली; तो तुमचा अंदाज झाला.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंदी वेगळ्या करा. समाजशास्त्रज्ञ विल्यम सम्नर यांनी 1906 मध्ये लोकरीती (रोजच्या साध्या चालीरीती) आणि लोकनीती (नैतिक मानले जाणारे नियम) असा फरक केला. नुसत्या भुवया उंचावल्या तर बहुधा लोकरीती मोडली. संताप उसळला तर लोकनीती.

ओळखीसाठी टोकलेल्या मुलाकडे पाहा. ते टोकणाऱ्याकडे बघतं की आजूबाजूला कोण बघतंय ते आधी पाहतं? समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये मांडलेला ‘आरशातला मी’ तो हाच: इतरांना आपण कसे दिसतो, ते काय म्हणत असतील, याच्या कल्पनेतून आलेला अभिमान किंवा शरम. विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी मुलांच्या खेळांत केलेला फरकही मैदानावर सापडतो. बाहुलीची आई होणारं मूल एका वेळी एकच भूमिका घेतं. संघात खेळणाऱ्याला मात्र सगळ्यांच्या भूमिका एकदम डोक्यात ठेवाव्या लागतात.

चुका ठरलेल्या असतात. सामाजिकीकरण बालपणी संपतं असं धरलं जातं. नोकरीत नव्याने रुजू झालेला माणूस तासभर पाहा, गैरसमज जाईल. सर्वांत चिवट चूक मात्र शब्दाची. आपण ‘संस्कार’ म्हणतो तेव्हा ते चांगलेच असतात असं गृहीत धरतो. समाजशास्त्राला ते मान्य नाही: चोरांची टोळीही नवख्याला कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं ते शिकवतेच, आणि तेही सामाजिकीकरणच.