ऊदचं अत्तर लावताना हात आखडता ठेवा

ऊद म्हणजे अगराच्या झाडाला बुरशी लागली की खोडात साठणारी काळसर राळ. झाड आसाम-त्रिपुराकडचं, वास जड, लाकडी, किंचित धुरकट. कमी बोलणाऱ्या, ठाम माणसाला तो शोभतो म्हणतात, आणि मलाही ते पटतं. पण भरपूर चोपडलं की तोच माणूस बैठकीत अंगावर आल्यासारखा वाटतो.

आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उष्णतेनं अत्तर भराभर उडतं, वास एकदम भपकन येतो. म्हणून उन्हाळ्यात लावायचंच तर संध्याकाळी, आंघोळ करून. काडी कुपीच्या तोंडाशी निथळू द्या, मनगटाला एकदाच टेकवा. बस. खरी मजा दिवाळीनंतरच्या थंडीत, मंडईच्या जत्रेला जाताना: कानात अत्तराचा बारीकसा फाया.

पांढऱ्या सदऱ्यावर लावू नका, तेलकट डाग सहज निघत नाही. नवीन कुपी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहा. खाज सुटली तर ती आपल्यासाठी नाही. आणि टिनाच्या छपराखाली उंच फळीवर ती ठेवू नका, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अंधारात ठेवा.