गुरुजी ठरवताना विवाह नोंदणीचा नमुना ‘ड’ हाताशी ठेवा

हॉल सहा महिने आधी ठरतो, आचारी चार महिने आधी, आणि गुरुजींना फोन जातो तो पत्रिका छापून आल्यावर. सातारा-सांगलीकडे हा उलटा क्रम अंगवळणी पडलाय. तुळशीचं लग्न झालं की तिथी दाट येतात आणि मग एकच गुरुजी सकाळी कराडला, दुपारी उंब्रजला अशी धाव घेतात. साहजिकच विधी आटोपते होतात. त्याने घरची थोरली माणसं नाराज होतात हे खरं, पण कायद्याचंही तिथे लक्ष असतं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ सांगतं, की लग्न वधू किंवा वर यांच्यापैकी कुणाच्या तरी रूढीप्रमाणे विधी करून लागलं पाहिजे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच ते पूर्ण होतं. म्हणजे मंगलाष्टकं आणि अक्षता हा गजराचा भाग. लग्न लागतं ते पुढे, पाहुणे पंगतीला बसलेले असताना. विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यावर लग्न उभं राहत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तरी प्रत्यक्षात काय होतं? अक्षता पडल्या की फोटोग्राफर जोडीला स्टेजवर नेतो, भेटीगाठींची रांग लागते, आणि होम शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतात. म्हणून गुरुजींशी पहिलं बोलणं दक्षिणेचं नको, वेळेचं करा: लाजाहोम (लाह्यांचा होम) आणि सप्तपदीला मिळून पाऊण तास मोकळा. फोटोग्राफरलाही बजावा, की सातही पावलांचे फोटो हवेत. उद्या पुरावा मागितला गेला तर हार घातलेल्या फोटोपेक्षा तेच कामाला येतात.

मग बाकीचं विचारा. त्या दिवशी दुसरं लग्न घेतलंय का? दोन्हीकडचे गुरुजी येणार असतील तर मुख्य कोण? ग्रहमख (ग्रहशांतीचा विधी) आदल्या दिवशी की सकाळी? देवक, सीमांतपूजन, सुनमुख यांतलं काय करायचं, काय गाळायचं? दक्षिणा एकरकमी की विधीगणिक, आणि त्यात प्रवास व सोबतच्या माणसाचं धरलंय का? ‘तुम्ही द्याल ते’ या उत्तरावर खूश होऊ नका. आकडा घरी बोलला नाही तर तो मांडवात बोलला जातो.

साहित्याची याद गुरुजींकडून लिहून घ्या. साधारण अंदाज असा: साळीच्या लाह्या पाव किलो, तूप पाव किलो, सुपाऱ्या पंचवीस-तीस, विड्याची पानं पन्नास, नारळ पाच, समिधा, कापूर, आंब्याचे डहाळे, अंतरपाट, आणि सप्तपदीच्या सात पुंजक्यांसाठी वेगळे तांदूळ. हळकुंडांना सांगलीत काय तोटा! चुकतं ते लाह्यांमध्ये. ऐनवेळी कुणीतरी दुकानातून चुरमुरे आणतं. ते भडंगाला ठीक, होमात नव्हे. हॉलवाल्यालाही आधी विचारा, की आत अग्नी चालतो का. फरशीवर कुंड ठेवायचं तर खाली विटा आणि वाळू लागते, आणि पंखे बंद करायला माणूस नेमावा लागतो.

लग्न लावणारा प्रत्येक घरी गुरुजीच असतो असं नाही. लिंगायत घरात जंगम स्वामी येतात, जैन घरात उपाध्ये, बौद्ध घरात भन्ते किंवा बौद्धाचार्य. हे तिन्ही समाज याच १९५५ च्या कायद्याखाली येतात. मुस्लिम घरात काझी निकाहनामा करतात. सत्यशोधक पद्धतीचं, म्हणजे भटजीविना लागणारं, लग्न या मुलखाला परकं नाही: जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि या पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लागलं. पुढे प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध इथे चाललेल्या समांतर सरकारच्या) काळात इथे कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ही लागले. पद्धत कुठलीही असो, लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही सरकारी कागदावर लागतेच.

तो कागद म्हणजे नमुना ‘ड’. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याने होते आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. लग्नापासून ९० दिवसांत हा नमुना दोन प्रतींत भरून निबंधकाकडे द्यायचा. उशीर झाला तर जादा शुल्क भरून नोंद होते. गावात निबंधक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात नगरपालिका किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं कार्यालय. नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार यांना समक्ष जावं लागतं. गुरुजींची मात्र फक्त सही लागते, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. दोन महिन्यांनी सही मागायला जावं तर गुरुजी काशीला गेलेले, नाहीतर नंबर बदललेला. म्हणून कोरा नमुना आधी आणून वधूवरांची माहिती भरून ठेवा, सप्तपदीनंतर गुरुजींची सही मांडवातच घ्या, आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत तेव्हाच मागून ठेवा.

सोबत लागतं ते असं: दोघांचे वयाचे पुरावे (शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला), राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, पत्रिका, विधीचा एक फोटो, तिन्ही साक्षीदारांची ओळखपत्रं आणि १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आधी घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूदाखला. घटस्फोटानंतर अपिलाची मुदत संपायच्या आत दुसरं लग्न लावू नका. लग्न एका गावात आणि राहणं दुसऱ्या गावात असेल तर नोंद कुठे घेतील, ते दोन्ही कार्यालयांत आधीच विचारा.

वयाबाबत कुठलीही सूट नाही: मुलगी पूर्ण १८, मुलगा पूर्ण २१. बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून शहाणे गुरुजी दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेत नाहीत. ते दाखला मागत नसतील तर दुसरे बघा.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. कायद्याने हे नातं निषिद्ध यादीत येतं, पण रूढी असेल तर चालतं. असं लग्न रूढीच्या विधीनेच लावावं. विशेष विवाह कायद्यात ते अडकू शकतं.

वधूवरांपैकी एकजण १९५५ च्या कायद्याबाहेरच्या धर्माचा असेल आणि धर्म बदलायचा नसेल तर देवळातल्या हारांनी कायदेशीर लग्न होत नाही. तिथे १९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. हॉलची तारीख या हिशेबाने धरा.

आंतरजातीय लग्नाला समाजकल्याण विभागाची ५० हजारांची मदत आहे. पात्रतेच्या अटी जिल्हा परिषदेत विचारा. अर्जाला नोंदणीचा दाखला लागतोच.

दाखला हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी नावं आधारशी अक्षर-अक्षर ताडून बघा. ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ यांतल्या एका वेलांटीपायी पुढे हेलपाटे पडतात. आणि तो लॅमिनेट करू नका. परदेशासाठी साक्षांकन करायचं झालं तर शिक्का मारायला कागद उघडा लागतो.