रस्ता सुरक्षेसाठी निधी मागताय? प्रस्ताव अडकतो तो इथे

फाट्यावर अपघात होतो. दुसऱ्या दिवशी रस्ता रोको, तिसऱ्या दिवशी निवेदन, निवेदन देतानाचा फोटो, आणि वर्षभराने त्याच फाट्यावर पुन्हा तेच. मधल्या काळात त्या निवेदनाचं काय झालं, हे बहुतेक गावांना कधीच कळत नाही.

बांधकाम उपविभागात शाखा अभियंता म्हणून मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो. निवृत्तीनंतर आता या बाजूला बसतो आणि आसपासच्या ग्रामपंचायतींचे परत आलेले प्रस्ताव पुन्हा लिहून देतो. त्यातले खरोखर पैशांअभावी परत आलेले थोडेच. बाकीच्यांत ‘आम्हाला काय हवं’ हे दोन पानं असतं आणि ‘तिथे नेमकं काय घडतंय’ हे दोन ओळींतही नसतं.

रस्ता कोणाचा हे न बघता अर्ज करणं

गावाच्या दृष्टीने सगळे रस्ते ‘आपले’च. कागदावर तसं नसतं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो महामार्ग प्राधिकरणाकडे असेल, नाहीतर बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, आणि काही लांबी रस्ते विकास महामंडळाकडेही असते. फाट्यावर तर दोन मालक भेटतात: मोठा रस्ता एकाचा, गावात शिरणारा दुसऱ्याचा. मग पत्र या कार्यालयातून त्या कार्यालयात जातं आणि दोन्हीकडून एकच ओळ येते, ‘सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत येत नाही’. अशी एक फाईल मी सात महिने फिरताना पाहिली आहे. शेवटी अडलं होतं फक्त किलोमीटरच्या दगडापाशी.

म्हणून पहिल्या ओळीत रस्त्याचा वर्ग, क्रमांक आणि साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, म्हणजे ‘कि.मी. ४२/३००’ असं. ‘धाब्याच्या पुढे, वडाजवळ’ असं लिहू नका. वड रुंदीकरणात गेला की प्रस्तावही गेला. ग्रामीण रस्त्याला क्रमांकच नसेल, तर आधी तो रस्ते विकास योजनेत घेऊन क्रमांक मिळवण्याच्या मागे लागा. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकायला कोणी धजावत नाही.

अपघातांचा पुरावा म्हणून कात्रणं जोडणं

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे पडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द आपण सैल वापरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची त्याची व्याख्या ठरलेली आहे: सुमारे ५०० मीटर लांबीत, मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत, मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली असली, तरी राज्याच्या रस्त्यांवरही बहुधा हीच फूटपट्टी लावली जाते. ‘वारंवार अपघात होतात’ या वाक्याला या फूटपट्टीवर शून्य किंमत आहे. श्रद्धांजलीच्या फलकाचे फोटो जोडलेले प्रस्तावही मी पाहिले आहेत. वाचताना वाईट वाटतं, पण त्यावरून तक्ता भरता येत नाही.

आकडे पोलीस ठाण्याकडून घ्या. अपघातांची नोंद आता आयरॅड आणि त्यापुढच्या ई-डार या सरकारी संगणक प्रणालीत ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह होते. साध्या अर्जावर माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. मागताना एक गोम लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीचे गुन्हे भारतीय दंड संहितेच्या कलम २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ खाली, आणि नंतरचे न्याय संहितेच्या कलम २८१, १२५ आणि १०६ खाली. एकाच कायद्याची कलमं लिहून तीन वर्षांची माहिती मागितली तर अर्धेच अपघात हाती येतात, आणि तुमचं ठिकाण निकषाखाली घसरतं.

दुसरी गळती दवाखान्यात होते. जखमीला गावातून जिल्ह्याला, तिथून पुण्याला किंवा कोल्हापूरला हलवतात आणि आठव्या दिवशी तो जातो. अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू हा अपघाती मृत्यूच मोजायचा असतो, पण तुमच्या ठाण्याच्या यादीत तो कधीकधी ‘जखमी’च राहतो. अशी नावं गावाला माहीत असतात, यादीला नसतात. ताळा करून पोलिसांना दुरुस्ती करायला सांगा.

यादी हाती आली की तिचा एक पानी तक्ता करा: तारीख, वेळ, वाहनं, कोण कुठून कुठे वळत होतं. उसाच्या पट्ट्यातल्या एका फाट्यासाठी आम्ही असा तक्ता केला. गावाची मागणी होती दोन्ही बाजूंना गतिरोधक. नऊ अपघात मांडून बघितले तर सहा संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यानचे, सगळे हंगामातले, आणि त्यातल्या चारांत दुचाकी उभ्या ट्रॉलीला मागून धडकलेली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गतिरोधकाने यातलं काय थांबलं असतं? मागणी बदलली. ट्रॉल्यांसाठी साइडपट्टी रुंद आणि पक्की करणं, फाट्यावर प्रकाश, वळणावर डेलिनेटर, म्हणजे कडेला रात्री चमकणारे खुंट. रिफ्लेक्टरसाठी निधी लागलाच नाही, ऊसवाहतूकदारांची एक बैठक पुरली. ‘अण्णा, हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं?’ असं सरपंच मला म्हणाले. पहिल्यांदा तक्ता कुठे होता?

सगळ्यावर गतिरोधक

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागू नका, मंत्रालयाचं धोरणच त्याविरुद्ध आहे. तिथे रम्बलर पट्ट्या (वाहन थरथरवून सावध करणाऱ्या), फलक, वळणमार्गिका, पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग अशी भाषा चालते. उतार, वेग आणि अवजड वाहनं एकत्र आली की गतिरोधक काय करणार, हे पुण्याच्या नवले पुलाकडे बघून समजतं. नवीन कात्रज बोगद्यातून येणाऱ्या त्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकमुळे चाळीसच्या वर वाहनांचं नुकसान झालं.

महामार्ग टोलचा असेल तर पट्टे रंगवणं, फलक, तुटलेले क्रॅश बॅरियर ही कामं बहुधा ठेकेदाराच्या करारातच असतात. त्यासाठी निधीचा प्रस्ताव कशाला? महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना पत्र द्या, १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. नुकत्याच झालेल्या रस्त्याचंही तसंच. कामाच्या फलकावर दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपला नसेल तर खड्डे आणि खचलेल्या साइडपट्ट्या ठेकेदाराने स्वखर्चाने करायच्या.

चुकीचं लेखाशीर्ष, चुकीचा महिना

लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं. देखभाल-दुरुस्ती साधारण ३०५४ खाली, सुधारणा आणि नवं काम ५०५४ खाली. एकाच अर्जात ‘खड्डे बुजवणे व चौक रुंदीकरण’ असं लिहिलं की दोन्ही टेबलं म्हणतात, हे त्यांचं. वेगळे प्रस्ताव करा.

जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच तयार होतो. फेब्रुवारीत जागे झालात तर ३१ मार्चच्या धावपळीत तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आणि आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्यातून चौकाचं रुंदीकरण मागण्यापेक्षा छोटं, लगेच होणारं काम मागा.

रक्कमही मनाने घालू नका. ‘अंदाजे १० लाख’ या आकड्याला पाठीशी दरसूचीवरचं (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवरचं) अंदाजपत्रक नसेल तर प्रशासकीय मान्यतेला तो चालत नाही. हायमास्ट मागताना वीजबिल कोण भरणार याचा ग्रामपंचायतीचा ठराव सोबत लावा. नाहीतर खांब उभा राहतो आणि दिवा वर्षभराने बंद पडतो. रुंदीकरण असेल तर जागा कोणाच्या नावावर आहे, टपऱ्या कोणाच्या आहेत, हेही आधीच बघा. टपरी गावच्याच पुढाऱ्याची निघते, असा माझा अनुभव.

उत्तर आलं, पुढे काय?

‘निकषात बसत नाही’ म्हणजे नकार नव्हे. ब्लॅक स्पॉटचा दरवाजा बंद झाला, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचा उघडा आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिच्याकडे पैसे मागू नका, बांधकाम, पोलीस आणि आरटीओ यांची संयुक्त पाहणी मागा. पाहणी अहवालात अभियंत्याने स्वतः सुचवलेला उपाय तुमच्या दहा निवेदनांपेक्षा वजनदार ठरतो. पाहणीच्या दिवशी तक्ता घेऊन हजर राहा, आणि अपघात संध्याकाळचे असतील तर पाहणीही संध्याकाळी ठेवायला सांगा. सकाळी अकरा वाजता कुठलाही फाटा निर्धोकच दिसतो.

‘निधी उपलब्धतेनुसार’ असं आलं तर काम कोणत्या वर्षाच्या, कोणत्या योजनेच्या यादीत घेतलं आहे, हे लेखी विचारा. यादीतच नसेल तर ते उत्तर नुसतं जावक क्रमांकापुरतं.

आणि राज्यमार्गावर किंवा गावच्या रस्त्यावर गतिरोधक मंजूर झालाच, तर काम चालू असताना टेप घेऊन जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडे मुकादम नजरेने ओततात: हातभर रुंद, गुडघ्याला लागेल इतका उंच, रंग नाही, फलक नाही. त्या उसाच्या फाट्यापासून दोन किलोमीटरवर असाच एक होता. आमच्या दुसऱ्या तक्त्यात पहिली ओळ त्याचीच आहे.