टॉप लोड वॉशिंग मशीन घेताना या चुका टाळा: दुकानात जाण्याआधी गच्चीवर जा

नवी मशीन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी ती लावली. साडेआठला जाऊन पाहते, तर पाणी अजून भरतच होतं. करंगळीएवढी धार, मध्येच टीं-टीं करून मशीन थांबायची, बटण दाबलं की पुन्हा तीच करंगळी. मी तणतणत कंपनीला फोन लावला. तंत्रज्ञ येईपर्यंत घरी दुसऱ्याच कामाला आलेल्या प्लंबरभाऊंनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मशीन बिघडलीच नाही न. तुमची टाकी ठेंगणी हाये."

माणूस बरोबर बोलला होता. आम्ही नागपुरात बर्डीच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली, ऑफर जुळवल्या, रंगावरून घरात दोन दिवस वाद घातला. पण ज्या नळाला ती मशीन लागणार होती त्या नळाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. स्वस्तातली मशीन घेताना बहुतेक घरांत हेच होतं. मग "कंपनीच खराब आहे" असं म्हणत आपण वर्षानुवर्षं बादलीने पाणी ओततो.

टाकी आणि मशीन यांमधलं अंतर न मोजणं

फुली ऑटोमॅटिक, म्हणजे धुणं-पिळणं सगळं आपोआप करणाऱ्या, मशीनच्या मागे पाणी आत घेणारा एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो नीट उघडायला पाण्याचा दाब लागतो. बऱ्याच मशिनींच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.०३ मेगापास्कल, म्हणजेच ०.३ बार, असा आकडा दिलेला असतो. दुकानात हा आकडा कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर टाकीचा तळ मशीनच्या पाण्याच्या तोंडापासून साधारण दहा फूट वर हवा.

आता आमच्या घराचा हिशेब बघा. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली. मशीन त्याच स्लॅबखाली, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत. मजल्याची उंची दहा फूट, मग झालंच की! पण मशीनचं पाण्याचं तोंड जमिनीवर नसतं, ते तीन फूट वर असतं. उरले सात. त्यात अर्ध्या इंचाचा जुना पाइप, चार एल्बो म्हणजे वळणाचे जोड, आतून धरलेला क्षार. आणि मे महिन्यात त्याच लाईनवर कूलरचा पाइप लागलेला! सकाळी कूलर भरत असला की मशीनला काय उरणार?

तेव्हा टेप घ्या आणि गच्चीवर जा. अंतर दहा फुटांपेक्षा कमी भरलं तर चार वाटा आहेत. मशीन खालच्या मजल्यावर न्या, ही सगळ्यात स्वस्त वाट. आम्ही शेवटी तेच केलं. दुसरी वाट, टाकीखाली स्टँड किंवा विटांचे खांब घेऊन ती उंच करा. पण हजार लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाची असते. ती स्लॅबच्या मधोमध नको, खालून बीम-कॉलम गेले असतील तिथेच घ्या, आणि मिस्त्रीला विचारून. तिसरी, कमी दाबावर भरणारी, दुकानात 'झिरो प्रेशर' म्हणून दाखवतात ती मशीन घ्या. नावावर जाऊ नका, पुस्तिकेतला आकडा वाचा. चौथी, टाकीतून येणाऱ्या लाईनवर छोटा प्रेशर पंप बसवा. महापालिकेच्या नळाला थेट टुल्लू पंप लावणं मात्र नियमात बसत नाही, आणि त्याने शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो तो वेगळाच.

बोरचं पाणी जोडून मोकळं होणं

मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या बाजूच्या अनेक घरांत दोन टाक्या असतात, एक नळाची आणि एक बोरची. नळाचं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला. बोरचं बाथरूमला, झाडांना. मशीन बाथरूमजवळ बसते म्हणून तिलाही आपोआप बोरची लाईन जोडली जाते, आणि पाणी भरपूर असल्याने कोणाला त्यात चूक दिसत नाही.

बोरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षाराचं, असतं. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण पावडर वाढवतो. वाढलेली पावडर कपड्यांतून पूर्ण निघत नाही. वाळल्यावर काळ्या कपड्यांवर पांढरे ओरखडे, टॉवेल पापडासारखा कडक. क्षार टबच्या बाहेरच्या बाजूला, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, साचत जातो. त्याला साबणाचा चिकटा धरतो आणि मग एके दिवशी धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. हे आमच्याकडे दुसऱ्या वर्षी झालं. मी आधी पावसाळ्यावर ढकललं, मग साबण बदलला. टब साफ करायचा प्रोग्रॅम लावला तेव्हा पाण्यावर करड्या पापुद्र्यांचा थर तरंगून आला, दुधावरची साय वाटावी असा.

तेव्हा जमत असेल तर मशीनला नळाच्या टाकीची लाईन द्या. जमत नसेल तर घेतानाच स्टीलचा ड्रम आणि 'टब क्लीन' असलेली मशीन बघा. महिन्यातून एकदा तो प्रोग्रॅम रिकाम्या मशीनवर लावा, क्षार काढायची पावडर पाकिटावर दिलेल्या मापाने टाका. लिंबूसत किंवा कुठलीही आंबट पावडर आणि ब्लीच एकत्र कधीच टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो. जड पाण्यात पावडरपेक्षा लिक्विड बरं. आणि झाकण धुणं झाल्यावर तासभर उघडं ठेवा, यात तर काहीच खर्च नाही.

या सगळ्याच्या आधी अडकते ती एक बारीक जाळी. पाण्याचा पाइप मशीनला जिथे जोडतो तिथे, व्हॉल्व्हच्या तोंडात, नखाएवढी असते. बोरची वाळू, टाकीतला गाळ तिथे बसतो आणि भरपूर दाब असूनही पाणी थेंबथेंब येतं. नळ बंद करा, प्लग काढा, पाइपचा आटा सोडवा, पकडीने जाळी हलकेच ओढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्यासाठी घरी येणारा माणूस भेटीचे पैसे घेऊन जातो.

किलोंचा मोह

"हजार रुपयांनी वरची येते न ताई, मोठीच घ्या" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येईल. किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. जीन्स साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम, शर्ट दोन-अडीचशे, अंघोळीचा टॉवेल चारशेच्या आसपास, डबल बेडची चादर पाऊण किलो. दोन जीन्स, चार शर्ट, दोन टॉवेल, एक चादर आणि बारीकसारीक धरलं तरी पाच किलोच्या आतच राहतं. चौघांच्या घरात रोज किंवा एक दिवसाआड धुणारे असाल तर साडेसहा-सात किलो पुरे. आठवड्याचं एकदम धुणार असाल, घरात सहा-सात माणसं असतील, तर आठ. गोधड्यांसाठी म्हणून मोठी घेणारे बरेच आहेत. पण कापसाची जाड गोधडी भिजली की एवढी जड होते की मोठ्या मशीनचाही तोल जातो. ती गच्चीवर काठीने बडवून धुतलेलीच बरी.

आणखी एक गोष्ट दुकानात सुचत नाही. मोठ्या मशीनचा टब खोल असतो. माझ्या नणंदेकडे आणलेल्या मशीनच्या तळाचा मोजा काढायला तिच्या सासूबाईंना पाटावर उभं राहावं लागतं. घरात जो कपडे काढणार आहे त्याला दुकानात सोबत न्या आणि टबच्या तळाला हात लावून बघायला सांगा. वर फळी किंवा गीझर असेल तर झाकण पूर्ण उघडेल का, तेही मोजा.

सेमी ऑटोमॅटिकला नाक मुरडणं

बजेट आठ ते बारा हजारांच्या आसपास असेल तर दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक हीच शहाणपणाची खरेदी ठरू शकते. फुली ऑटोमॅटिक टॉप लोड साधारण तेरा-चौदा हजारांच्या पुढे सुरू होते. सेमीला दाबाची कटकट नाही, बादलीने भरता येते. पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी रंगीत कपड्यांना आणि मग अंगण धुवायला वापरता येतं. फुली ऑटोमॅटिकला एका पूर्ण धुण्याला शंभर-दीडशे लिटर सहज लागतं. आणि पिळण्यात तर सेमी पुढेच. तिचा ड्रायर मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो, टॉप लोडचा ड्रम सातशेच्या आसपास.

हा फरक नागपुरात वर्षातले आठ महिने कळतही नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर दोरीवर चादर टाकून दुसरं टोक ओढेपर्यंत पहिलं वाळतं. कळतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा शाळेचा गणवेश सकाळी दमट असतो आणि आपण तो तव्यासारख्या तापलेल्या इस्त्रीखाली वाळवत बसतो. सेमीत खोट एकच, तिच्यापाशी माणूस लागतो. कपडे या टबातून त्या टबात टाकायला वेळ नसेल, पाठ दुखत असेल, तर दोन हजार वाचवून उपयोग नाही.

मशीनमधलं पाणी बाहेर कसं जाणार?

दुकानात विचारा: पाणी पंपाने बाहेर पडतं की आपोआप उताराने? स्वस्त टॉप लोडमध्ये बहुधा पंप नसतो. पाणी खालून नुसतं वाहून जातं, त्यामुळे पाइप जमिनीलगत आणि सरळ हवा. आपल्या न्हाणीला चार इंचांचा उंबरठा असतो, मशीन बाहेर, पाइप उंबरठ्यावरून आत. मग टबात पाणी उरतं, मशीन पिळायला सुरुवातच करत नाही आणि आपल्याला वाटतं मोटर गेली. उंबरठ्याला खालून भोक पाडा, मशीन दोन-चार इंच पक्क्या ओट्यावर घ्या, किंवा पंपवालीच निवडा. नालीच्या तोंडाला घट्ट खुपसलेला पाइपही असाच त्रास देतो, हवा जायला फट ठेवा.

स्टार, हीटर आणि चमचमणारं पॅनल

थंड पाण्यावरच्या टॉप लोडची मोटर साधारण तीन-चारशे वॉटची. एक धुणं होईपर्यंत पाव युनिटही लागत नाही, म्हणजे रोज लावली तरी महिन्याला सात-आठ युनिटं. कूलर एका रात्रीत खातो तेवढ्यात आठवड्याचं धुणं होतं. त्यामुळे चार आणि पाच स्टारमधल्या फरकासाठी तीन हजार जास्त मोजू नका. हीटर तर नकोच. उन्हाळ्यात दुपारी आपल्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं! इन्व्हर्टर मोटर (गरजेप्रमाणे वेग बदलणारी) आवाज कमी करते, परवडत असेल तर घ्या. मला विचाराल तर सोळा प्रोग्रॅमपैकी दोनच वापरले जातात.

त्यापेक्षा विचारा, लाईट जाऊन आली तर मशीन थांबली तिथून पुन्हा सुरू होते का. आणि वॉरंटी कशाची? "मोटरला दहा वर्षं" म्हणजे फक्त मोटर. बिघडतं ते बहुधा सर्किट बोर्ड, व्होल्टेज खालीवर झाल्याने, आणि त्याची वॉरंटी सहसा एक-दोन वर्षांची असते. मे महिन्यात संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या भागात राहत असाल तर धुणं सकाळी उरका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ओल्या जागेत त्यावर तडजोड नको. पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका. तक्रार कोणी ऐकेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

मशीन धडधडते तेव्हा

पिळताना मशीन चालत सुटली तर आधी आत बघा, एकच जाड टॉवेल किंवा बेडशीटचा गोळा एका बाजूला बसलेला असतो. सोडवून पसरा. तरीही नाचत असेल तर वरच्या दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून दाबा, मग दुसऱ्या दोन. डुलली तर पाय कमी-जास्त फिरवा आणि नट घट्ट करा. बसवायला येणारा माणूस चाकांचा स्टँड गळ्यात मारू पाहील, तो घेऊ नका. मशीन चाकांवर कधीच स्थिर बसत नाही. पश्चिमेच्या उघड्या बाल्कनीत ठेवणार असाल तर वर सावली करा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पॅनल आणि पाइप कडक होऊन तडकतात.

त्या माणसाकडून एक मात्र आवर्जून मागा, खालची उंदरांची जाळी. टॉप लोडचा तळ बहुधा उघडा असतो. खोक्यात जाळी असते, पण घाईत ती खोक्यातच राहते आणि खोकं रद्दीवाल्याकडे जातं. आमची तशीच गेली. पावसाळ्यात उंदराने आतल्या वायरी कुरतडल्या आणि "हे वॉरंटीत बसत नाही" हे वाक्य आम्ही उभ्याउभ्याच ऐकलं.